मामा, मांडव आणि २७६ बाइट

आमच्या मोर्शीकडे सीडीचा शेवटचा मुक्काम वावरात असतो. ज्वारी निसवली की धुऱ्यावर दोन बल्ल्या गाडायच्या, सुतळी ताणायची आणि घरातल्या होत्या-नव्हत्या त्या सीड्या टांगायच्या. वाऱ्यानं त्या चमकतात आणि पाखरं घाबरतात. म्हणजे पहिल्या वर्षी घाबरतात. मोठेबाबांनी पोटच्या पोरीच्या लग्नाची सीडीसुद्धा अशीच ज्वारीत टांगली. लग्न २००४ चं, घरातला सीडी प्लेअर कधीचाच बसलेला, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

हरकत निघाली ती यंदाच्या उन्हाळ्यात, एका तेरवीच्या पंगतीत. नवरीचे मामा सहज म्हणाले, "ताईच्या पोरीले लग्नात मांडवात मीच आनलं होतं, हात धरून."

मोठेबाबांनी वरणाची वाटी खाली ठेवली. "तू? तुयी गाडी नदीपलीकडे पंक्चर होती. तू आला तवा अक्षता पडून लोक जेवून रायले होते."

नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. तो गेला तर वीस वर्षं मिरवलेली मामेकी कुठं ठेवायची? मामा आर्वीकडचे, म्हणजे खरोखरच वर्धा नदीपलीकडचे, त्यामुळे पंक्चरच्या बाजूनं भूगोल होता. मामा उठले. "भाऊजी, सीडी काढा."

सीडी काढली. चंदेरी पापुद्रा उडून ती आरपार झाली होती. तिच्यातून मोठेबाबांचं अर्ध वावर दिसत होतं, मामा काही दिसत नव्हते.

पण पुतण्यानं पुण्याला नोकरीवर जाण्याआधी त्या सीडीची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून पेन ड्राइव्हवर ठेवली होती. हे कळताच मामांची नागपूरची सून फोनवर म्हणाली, "झिप करून पाठवा, मोबाईलवर झिप उघडते." आणि ते काम माझ्याकडे आलं. मी फार पूर्वी एमएस-सीआयटी केलं आहे. आमच्या घराण्यात त्या प्रमाणपत्राला मुदत नाही.

पेन ड्राइव्हवर दोन फाइली निघाल्या. एक 'बिन', जवळपास ८०० एमबीची. दुसरी 'क्यू', एक केबीसुद्धा नाही. सीडी ७०० एमबीची आणि तिची नक्कल ८०० एमबीची कशी, हे मोठेबाबांनी विचारलं, आणि संशयानं विचारलं. त्यांच्या मते मामानं मध्ये काहीतरी घुसवलं होतं. खरं असं की सीडीवरची माहिती २३५२ बाइटांच्या तुकड्यांत असते. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ कामाचे आणि उरलेले बहुतेक ओरखड्यांपासून सावरायला. आमची लग्नाची सीडी म्हणजे व्हीसीडी, सिनेमा पाहायची सीडी. व्हीसीडीवाल्यांनी १९९३ साली ठरवलं की सिनेमात एखादा ठिपका चुकला तर कोण मरतं? त्यांनी सावरासावर कमी केली आणि २३२४ बाइट चित्रासाठी घेतले. बिन फाइल यातलं काही न निवडता सगळं उचलते, म्हणून ती फुगते. मोठेबाबांना मी एवढंच सांगितलं, "ओझं वाढलं, माल तोच."

सेवा केंद्रातला ऑपरेटर पोट्टा हुशार. त्यानं 'ऑनलाइन कन्व्हर्ट'वाली साइट उघडली, फाइल टाकली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणाला, "घ्या भाऊ, झाली झिप!" एवढ्या चपळाईचा मला आनंदच झाला. नागपूरला झिप गेली. सुनेनं ती उघडली. आत क्यू फाइल होती, म्हणजे कोणता ट्रॅक कुठं सुरू होतो याच्या चार ओळी. मामांनी तिला फोन केला, "दिसलो काय मी?" सून म्हणत होती, "बाबा, ट्रॅक ०१ दिसून रायला."

मग बिनची पाळी. कित्येक साइटी फुकटात शंभर एमबीवर हात वर करतात. त्यापुढं कार्ड मागतात, आणि कार्ड मागितलं की आमच्या घरात मोठीआई मधे पडते. शेवटी एक दिलदार साइट सापडली. 'फाइल इथं ओढा', मी ओढली. तेव्हा कुठं या धंद्याचं खरं रूप समोर आलं. ज्वारीचं पोतं गावच्या चक्कीवर न नेता सातासमुद्रापलीकडं पाठवायचं, तिथल्या माणसानं ते न दळता दुसऱ्या पोत्यात ओतायचं आणि तेवढंच वजन परत आपल्या दारात आणून टाकायचं. कारण व्हीसीडीतलं चित्र आधीच दाबून बसवलेलं असतं. झिप त्याला आणखी काय दाबणार?

आणि आमच्या नेटला घ्यायला आवडतं, द्यायला नाही. वर चढवायचा वेग एक एमबीपीएस धरला तर ८०० एमबीला पावणेदोन तास, तेही लाईन, टॉवर आणि दैव जागेवर असताना. म्हणून मी रात्रीची वेळ धरली. पण रात्रीची थ्री फेज आली की सगळा गाव ओलिताला निघतो, मोटारी सुरू होतात आणि घरातला दिवा लाजायला लागतो. तेही सहन झालं असतं. खरा शत्रू मामा. माझा फोन जुना, कॉल आला की टू-जीवर उतरतो आणि अपलोड तुटतं. तुटलं की पुन्हा शून्यापासून. पट्टी साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की मामांना आर्वीकडे कसं कळायचं कोण जाणे.

"काहून गा, झालं काय थे?"

"होत होतं मामा."

अखेर मामांच्या गावचा टॉवर एका वादळात बंद पडला आणि त्या रात्री फाइल पूर्ण चढली. साइटनं लिहिलं, तुमची फाइल आम्ही २४ तासांत पुसून टाकू. म्हणजे कोण्या देशातल्या सर्व्हरवर आमची मोठीआई २४ तास पंगतीला बुंदी वाढत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

झिप उतरली, उघडली. आत फोल्डर, फोल्डरात चित्राची डॅट फाइल, आणि ती काही केल्या चालेना. साइटनं व्हीसीडीला साधी डेटा सीडी समजून दर तुकड्यातले २०४८ बाइटच घेतले होते. २३२४ मधून २०४८ गेले, राहिले २७६. सेकंदाला असे ७५ तुकडे. हे मी समजावून सांगितल्यावर मामा गंभीर झाले. "त्या २७६ मधीच असन मी."

"वा!" मोठेबाबा म्हणाले. "आता पंक्चरवरून बाइटावर आला."

पुतण्याला शेवटी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, झिप कशाले पाहिजे? लॅपटॉपवर व्हीएलसीत क्यू फाइल उघडा, दिसते." क्यू! जिला आम्ही चार ओळींची म्हणून हिणवलं होतं, तीच बिनला वाट दाखवायला होती. यावर सुनेचं मत विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

मग कूलरसमोर सगळं घर बसलं. मामा मुद्दाम नदी ओलांडून आले. बिछायत दिसली, बँडवाले दिसले, मी स्वतः भजे खाताना नको तितका वेळ दिसलो. भटजींनी हाक दिली, "नवरीला आणा," दार उघडलं, आणि नेमक्या त्या क्षणी व्हिडिओवाल्याच्या अंगात कला शिरली. पडद्याचे नऊ तुकडे झाले, प्रत्येक तुकड्यात एक गुलाबी बदाम, आणि प्रत्येक बदामात गरगर फिरणारी नवरी. व्हीसीडीचं सगळं चित्रच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्याचे नऊ वाटे केले की एका बदामाच्या वाट्याला येतात ११७ बाय ९६. त्यात नवरी, करवली, शालू आणि नवरीचा हात धरलेला एक पांढरा ठिपका.

"थो मीच," मामा उठून उभे राहिले. "टोपी पाहा."

"टोपी तर आचाऱ्याच्या डोक्यावर बी होती," मोठेबाबा म्हणाले.

मी तो भाग मागं नेला, थांबवला, मोठा केला. ठिपका फक्त मोठा ठिपका झाला. इतका वेळ गप्प बसलेली मोठीआई पदर सावरत माझ्याकडं वळली.

"त्या व्हिडिओवाल्यापाशी असली कॅसेट असन ना, बिनबदामाची. तिचीच आन ना झिप करून."