त्यांच्या नावाची शर्यत लहानच राहू द्या

धावण्यात ज्याने इतरांसाठी वाट पाडली, अशा एखाद्या स्थानिक माणसाच्या नावाने ऐन थंडीत ट्रेल रेस, म्हणजे डोंगर-रानातल्या पायवाटेवरची शर्यत, भरते. शंभरेक लोक येतात. कमान नाही, डीजे नाही, डोक्यावर ड्रोन नाही. आणि दरवर्षी कुणीतरी अगदी चांगल्या मनाने सुचवतंच, "एवढं मोठं नाव आहे, जरा दणक्यात करा की! प्रायोजक आणू, मेडल देऊ, हजार-दोन हजार लोक सहज येतील."

माझा याला सपशेल विरोध आहे. का, ते आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांब होणार आहे.

आधी ही वाट पाडणारी माणसं करत काय होती, ते बघू. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या धावण्याचे जनक म्हणून टेड कॉर्बिट यांचं नाव घेतात. कॉलेजात असताना गोरे खेळाडू कृष्णवर्णीयांबरोबर धावायला तयार नसायचे, म्हणून काही स्पर्धांमधून त्यांनाच बाहेर ठेवलं गेलं. पुढे ते न्यूयॉर्क पायोनिअर क्लबकडून धावले. हार्लेममध्ये १९३६ साली सुरू झालेला हा क्लब सगळ्या वर्णांच्या धावपटूंना खुला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले, ४४वे आले. पोटापाण्यासाठी फिजिओथेरपिस्टची नोकरी. आज 'न्यूयॉर्क रोड रनर्स' म्हणून जी संस्था ओळखली जाते, तिचे १९५८ मधले पहिले अध्यक्ष तेच.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. त्या काळी शर्यतीचं अंतर म्हणजे निव्वळ अंदाजपंचे मामला. कुणी गाडीच्या मीटरवर मोजायचं, कुणी नकाशावर दोरा ठेवून. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी सायकलच्या चाकाचे फेरे मोजून मार्ग आखायची पद्धत बसवली होती. कॉर्बिट यांनी ती मुळापासून अभ्यासली आणि १९६४ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. मोजून घेतलेल्या ठरावीक अंतरावर आधी सायकल चालवायची, चाक किती फिरतं ते नोंदवायचं, मग सगळा मार्ग त्या हिशोबाने मोजायचा. आजही मोठमोठ्या मॅरेथॉनचे मार्ग असेच प्रमाणित होतात. रस्त्यावर वाकून, आकडे लिहीत, टाळ्या वाजवायला कुणी नसताना केलेलं काम आहे हे.

दुसरं नाव ब्राउनिंग रॉस. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, सातवे. १९५६ मध्ये त्यांनी 'लाँग डिस्टन्स लॉग' नावाचं छोटंसं मासिक सुरू केलं. कुठे कुणी किती वेळात धावलं, त्याचे निकाल त्यात छापायचे. दुसऱ्याच वर्षी त्यातून त्यांनी धावपटूंच्या देशव्यापी क्लबची कल्पना मांडली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये 'रोड रनर्स क्लब ऑफ अमेरिका' उभा राहिला.

अंतर नीट मोजणं, निकाल नीट लिहिणं, दार सगळ्यांसाठी उघडं ठेवणं. या लोकांनी आयुष्यभर केलं ते हे. मग त्यांची आठवण ठेवायची तर ती याच कामातून ठेवायला नको का? नोंदणी उघडताच मिनिटात संपणारी, सोडत काढावी लागणारी शर्यत त्यांच्या नावाने भरवली की नाव तेवढं उरतं. बंद दाराबाहेर उभं राहण्याचा अर्थ कॉर्बिट यांना चांगलाच ठाऊक होता.

लहान शर्यतीची फिनिश लाइन कधी जवळून बघा. माझा सगळ्यात आवडता भाग तो. जमिनीवर पिठाने ओढलेली रेघ. एकाच्या हातात स्टॉपवॉच, तो फक्त वेळ मोठ्याने वाचतो. दुसरी क्लिपबोर्डवर लिहिते, तेही पेन्सिलीने, कारण कडाक्याच्या थंडीत बॉलपेनची शाई आखडते. तिसरा आत आलेल्या प्रत्येकाच्या हातात क्रमांक लिहिलेली लाकडी काडी ठेवतो, ती घेऊन रनर टेबलाशी जातो आणि नाव सांगतो. नाव सांगावंच लागतं, म्हणून कुणीतरी ते ऐकतं. धावपटूला वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक चिप लावलेल्या शर्यतीत तुमची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत कळते, पण तुम्ही आलात हे एकाही माणसाला कळलेलं नसतं. इथे शेवटच्या रनरमागून स्वीपर, म्हणजे सगळ्यात मागून येणारा स्वयंसेवक, वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फिती सोडवत येतो, आणि तो दिसेपर्यंत पेन्सिलवाली जागची हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या नावाचं अक्षर सारखंच असतं, फक्त शेवटचं थोडं वाकडं, बोटं गारठलेली असतात म्हणून.

ट्रेलचंही म्हणणं ऐकायला हवं. हिवाळ्यात पहाटे गोठून दगड झालेली माती ऊन चढलं की वरून विरघळते आणि खाली घट्टच राहते. पाणी मुरत नाही, वर नुसता राडा. शंभर जण गेले तर वाट सोसते. हजार गेले की पुढचे चिखलातून जातात, मागचे बूट वाचवायला कडेने जातात, आणि एका माणसाची पायवाट बघता बघता बैलगाडीएवढी रुंद होते. (चिखलातूनच जा हो, कडेने नको. बूट धुता येतात.) कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीला जगभरातून मागणी असते, पण मार्गाचा काही भाग संरक्षित वनक्षेत्रातून जातो, म्हणून तिथे ३६९ धावपटूंचीच मर्यादा आहे. एवढी नावाजलेली ट्रेल रेस आकड्याला बांधून घेऊ शकते, तर आपल्याला काय अडचण आहे?

मोठं करा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मी मनापासून मान्य करते. पैसे लागतात, आणि सुरक्षेवर हात आखडता घेऊन चालत नाही. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवामान अचानक फिरलं, गारा, पाऊस, सोसाट्याचा वारा, आणि १७२ पैकी २१ धावपटू गारठून मरण पावले. तो तर हिवाळाही नव्हता. धावताना अंगात ऊब असते. पाय मुरगळून माणूस बसला की घामाने भिजलेले कपडे काही मिनिटांत अंगातली उष्णता ओढून घेतात. म्हणून प्रत्येकाच्या जवळ वाऱ्या-पावसाचं जाकीट असलंच पाहिजे, ते सुरुवातीला तपासलं पाहिजे, आणि जितके निघाले तितके परतले का, हे डोकी मोजून बघितलं पाहिजे. साधेपणाच्या नावाखाली यात ढिलाई झाली तर मी पहिली भांडेन. पण हे सगळं करायला दोन हजार लोक लागत नाहीत. उलट, शंभर डोकी मोजणं सोपं जातं.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. आपण पूर्वसुरी म्हणतो ते बहुधा गेल्यावर. आर्लीन पायपर यांची गोष्ट मी विसरू शकत नाही. १९५९ मध्ये त्या कोलोरॅडोतली पाइक्स पीक मॅरेथॉन धावल्या, ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर जाऊन परत. अमेरिकेत अधिकृतपणे मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली स्त्री! सोबत त्यांची नऊ वर्षांची मुलगी शिखरापर्यंत चढली होती. बॉस्टन मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी. आणि पायपर यांना आपण पहिल्या आहोत हे माहीतच नव्हतं. आयोजकांनी त्यांना शोधून काढलं ते २००९ मध्ये, पन्नास वर्षांनी. तेव्हा त्या हयात होत्या, म्हणून त्यांना ते ऐकायला तरी मिळालं.

शोधता आलं, कारण १९५९ च्या निकालात त्यांचं नाव आणि वेळ कुणीतरी नीट लिहून ठेवली होती.

तेव्हा आयोजकांनो, मोठा फलक नको. धावायला सोडण्याआधी पाच मिनिटं त्या माणसाबद्दल बोला. महान होते, प्रेरणास्थान होते, असं नको. ते कुठल्या वाटेने धावायचे, नोकरी काय करायचे, कुणाला हाताला धरून पहिल्यांदा शर्यतीला आणलं, ते सांगा. ज्यांना आणलं त्यांच्यापैकी कुणी असतील तर त्यांनाच बोलू द्या. त्यांच्याबरोबर धावलेल्या बायकांना मुद्दाम शोधा, कारण त्यांची नावं आधी गळतात.

आणि मंडळी, तुमच्याकडे, काका-मावशींकडे, क्लबच्या कपाटात जुन्या शर्यतींचे निकाल, सायक्लोस्टाइल केलेले कागद, छातीवर लावायचे क्रमांक (बिब), मागे नावं लिहिलेले फोटो पडलेले असतील, तर रद्दीत देण्याआधी फोनवर का होईना फोटो काढा आणि क्लबला पाठवा. शेवटच्या नावापर्यंतचा पूर्ण कागद घ्या, नुसते पहिले तीन नकोत.