‘सल्फ्युरिक लोखंडाला खात नाही’ म्हणे!

या आठवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या मेंटेनन्सवाल्यांचाच, म्हणून लिहायला बसलो. वर ‘ॲसिडला घाबरू नका’ आणि खाली सहा टिपा: सल्फ्युरिक लोखंडाला खात नाही, पातळ केलं की अजून सेफ, एसएसची (स्टेनलेस स्टीलची) टाकी कुठल्याही ॲसिडला चालते, टाकी रिकामी केली की बिनधास्त वेल्डिंग करा, अंगावर उडालं तर चुना नायतर सोडा लावा, टँकर आला की ड्रायव्हरवर सोडा, त्याला सगळं माहीत असतं. शेवटी हात जोडलेले.

पहिली टीप अर्धी खरी आहे, आणि तीच जास्त घात करणारी. ९८ टक्क्याचं सल्फ्युरिक साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंडी पोलाद) टाकीत ठेवतात, जगभर ठेवतात. पण ते लोखंडाला खात नाही असं नाही, सुरुवातीला खातंच, त्यातून आयर्न सल्फेटचा थर आतून बसतो आणि तो थर पुढचं खाणं रोखून धरतो, एवढंच. त्यात पाणी गेलं की थर गेला, मग पातळ झालेलं ॲसिड पत्र्याचं काय करतं ते बघायला फार दिवस थांबावं लागत नाही. बरं, पाणी कुणी ओतायलाच पाहिजे असं नाही, हे ॲसिड हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतं, व्हेंट (टाकीचं हवा जायचं-यायचं तोंड) तसाच उघडा असेल तर पावसाळ्यात रोज थोडं थोडं पाणी आत चाललंय असं समजा. म्हणून तर व्हेंटला ओलावा शोषणारा ब्रीदर असतो. आम्ही एकदा एका शेडमधली जुनी टाकी धुऊन उघडलेली, आडव्या नोझलमध्ये (टाकीला पाइप जोडायच्या तोंडात) ग्लोव्हसकट बोट फिरवलं तर खालची बाजू गुळगुळीत आणि वरच्या बाजूला नांगर फिरवल्यासारख्या चऱ्या. ॲसिड लोखंड खाताना निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे वरच्या अंगानं सरकत जातात आणि तो थर खरवडत नेतात, त्याच्या चऱ्या त्या. बाहेरून रंग मात्र एकदम नवाकोरा.

आणि वजनाचं तर मेसेजमध्ये नावच नाही. या ॲसिडची घनता पाण्याच्या १.८४ पट, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीत पाणी १० टन आणि हे १८.४ टन. पाण्याच्या हिशोबानं केलेली टाकी आणि खालचं स्टँड यात बसत नाही हो.

एसएसचं थोडक्यात. नायट्रिकला ३०४ नंबरचं स्टेनलेस बऱ्यापैकी टिकतं, विट्याकडच्या गलाईवाल्यांना (सोनं-चांदी गाळणाऱ्यांना) नायट्रिक काय चीज आहे ते मी सांगायला नको. पण हायड्रोक्लोरिक घातलं तर ३१६ सुद्धा टिकत नाही, मग आतून रबर लायनिंग, एफआरपी (फायबरचं प्लास्टिक) नायतर एचडीपीई (जाड प्लास्टिक) लागतं. ‘ॲसिड’ हा एक माल नाही, प्रत्येकाची टाकी वेगळी.

रिकाम्या टाकीवर वेल्डिंग, हे वाचून खरंच डोकं फिरलं. तळाशी राहिलेल्या गाळात पाणी पडलं की पातळ ॲसिड झालं, त्यानं लोखंड खाल्लं की हायड्रोजन निघाला आणि तो जाऊन बसतो वर, छताखाली, जिथं तुमचा वेल्डर उभा आहे! धुऊन, हवा खेळवून, गॅस मोजून, वेल्डिंगचं लेखी परमिट मिळाल्याशिवाय रॉड लावायचा नाही. २००१ च्या जुलैत अमेरिकेत डेलावेअरच्या रिफायनरीत वापरलेल्या सल्फ्युरिकच्या टाक्यांवरच्या कॅटवॉकचं काम चाललेलं, ठिणगी पडली, टाकी उडाली, एक जण गेला, आठ जखमी. तिथं पेटली ती ॲसिडात मिसळलेल्या हायड्रोकार्बनची (पेट्रोलसारख्या तेलाची) वाफ, पण छताला नि पत्र्याला गंजून भोकं पडलेली होती हे विसरू नका.

चुन्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. पोराच्या मनगटावर ॲसिड उडालं, शेजारच्या काकांनी मायेनं खिशातली तंबाखूची डबी काढली आणि चुना चोळला. ॲसिड आणि चुना एकत्र आले की उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्यावर परत भाजणं, वरनं चोळलेलं. कपडे काढा आणि भरपूर वाहतं पाणी, निदान १५-२० मिनिटं, डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तसंच, मग सरळ दवाखाना. ॲसिड धुवायचा इमर्जन्सी शॉवर कामाच्या जागेपासून दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे, आमच्याकडं त्याच्यासमोर बॅरल रचलेले असायचे ते सोडा.

राहिला टँकर. २०१६ मध्ये कॅन्ससच्या ॲचिसनला सल्फ्युरिकचा टँकर हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी) टाकीत खाली झाला, दोन्ही फिल पाइप दीड फुटावर, दिसायला सारखेच. दोन्ही मिसळून विषारी क्लोरीनचा ढग उठला, १४० हून जास्त लोकांनी उपचार घेतले. ड्रायव्हर नवीनच असायला पाहिजे असं काही नाही. आमच्याकडं आता दोन्ही पाइपांची कपलिंग वेगळ्या साइजची आहेत, दोघांना कुलपं आहेत आणि किल्ली शिफ्ट इनचार्जच्या खिशात. ड्रायव्हर चहा पीत वाट बघतो आणि कुरकुरतो, तर कुरकुरू दे.