विल ग्रियर आज काय खेळला ते बघितलंत का कुणी?

"चोरी केली जेरीने, चोरी! फोर्थ राउंड पिकमध्ये थर्ड ओव्हरऑल पोरगा उचलला!" कालपासून आमच्या डॅलसच्या ग्रुपवर हेच चाललंय. बुधवारपर्यंत चांद्रयान होतं, त्याचे पेढे पचायच्या आत लान्सयान सुरू झालं. आज सकाळी ढोलाच्या प्रॅक्टिसला गेलो तिथेही तेच, नऊ वाजताच डांबर चपलेला चिकटायला लागलेलं, घामाने टिपरू हातातून सुटतंय आणि दोघं जण ताशा बाजूला ठेवून मला समजावतायत की ट्रे लान्स म्हणजे कसा भविष्याचा विचार आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. पण आत्ता रेडर्सची मॅच बघून उठलोय आणि आता बोलणार, वाचायचं तर वाचा.

पुण्या-मुंबईची मंडळी यात भरडली जाऊ नयेत म्हणून थोडक्यात सांगतो. हा हातात धरून खेळायचा अमेरिकन फुटबॉल, त्याची लीग म्हणजे एनएफएल. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा सगळा कारभार बघणारा माणूस. दर एप्रिलला ड्राफ्ट होतो, कॉलेजातली पोरं टीम्स नंबराने निवडतात, निवडायच्या त्या हक्काला पिक म्हणायचं, पहिल्या राउंडवाली म्हणजे मेरिट लिस्टवाली. २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी तीन वर्षांचे तीन पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक तिसऱ्या राउंडचा, एवढं सगळं मायामीला देऊन तिसरा नंबर मिळवला आणि त्यावर हा लान्स घेतला. दोन वर्षांत तो चार मॅचेस स्टार्ट झाला, म्हणजे सुरुवातीपासून खेळला. गेल्या सप्टेंबरला सिएटलविरुद्ध घोटा मोडला, सीझन संपला. तोवर ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ नंबरचा ब्रॉक पर्डी आला आणि त्याने जागाच घेऊन टाकली. बुधवारी त्यांनी जाहीर केलं की बॅकअपसुद्धा लान्स नाही, सॅम डार्नोल्ड. आणि काल, २५ ऑगस्ट २०२३ ला, आमच्या डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स आजोबांनी २०२४ चा चौथ्या राउंडचा पिक देऊन तो घरी आणला.

आता मला सांगा, ज्या टीमने आपल्याला सलग दोन जानेवारीत प्लेऑफमधून बाहेर काढलं, त्या टीमला जो तिसरा क्वार्टरबॅक म्हणून पण नको होता, तो आपण घेतला आणि वर नाचतोय? त्यांच्या कोचला, काइल शॅनहॅनला, क्वार्टरबॅकमधलं कळत नाही आणि आपल्याला कळतं? अरे त्यांनी रोज बघितलंय त्याला, सराव बघितलाय, मीटिंगमध्ये बघितलंय. आपण काय बघितलं? कॉलेजच्या क्लिप्स. कॉलेजात एकच पूर्ण सीझन खेळलाय तो, २०१९ चा. बरोबर, त्यात २८ टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, शेवटच्या पट्ट्यात, पोचवला, आणि एकही इंटरसेप्शन नाही, म्हणजे एकही पास समोरच्यांनी पकडला नाही, सोळाच्या सोळा मॅचेस जिंकले, मान्य. पुढच्या वर्षी कोविडमुळे एक मॅच. एनएफएलमध्ये आल्यापासून त्याने सगळे मिळून १०२ पास टाकलेत. एकशे दोन! काही क्वार्टरबॅक तीन मॅचमध्ये तेवढे टाकतात.

किंमत फार नाही, हे कबूल करतो आणि पुढे जातो. चौथा राउंड म्हणजे काही घर गहाण टाकलं नाही. वय २३. ठीक.

पण ग्रुपवरचे सगळे विद्वान एक गोष्ट विसरले. लान्स आला म्हणजे कुणीतरी गेला. तो कोण, हे एकानेही लिहिलं नाही. विल ग्रियर. आमचा तिसरा क्वार्टरबॅक, २०२१ पासून इथे आहे, काउबॉइजसाठी खऱ्या सीझनमधली एक मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. रोज यायचं, पुढच्या आठवड्यात जी टीम समोर असेल तिचा क्वार्टरबॅक बनून आपल्याच डिफेन्सला सराव द्यायचा, आणि रविवारी साध्या कपड्यात उभं राहायचं. काल त्याला कळलं की तुझी गरज संपली, टीमची यादी, म्हणजे रोस्टर, ५३ जणांवर आणायच्या मंगळवारपर्यंत तुला सोडणार. आणि आज संध्याकाळी प्रीसीझनची, म्हणजे खऱ्या सीझनआधीच्या सरावाच्या मॅचेसमधली, शेवटची मॅच. आमचा पहिला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट बसलेला, दुसरा कूपर रश बसलेला, लान्स नुकताच आलेला. मग खेळणार कोण? ज्याला काल काढलं तोच.

आणि तो खेळला हो. पूर्ण मॅच. ३५ पैकी २९ पास पूर्ण, ३०५ यार्ड, दोन टचडाउन हाताने आणि दोन स्वतः पळून. ३१-१६ जिंकलो. साइडलाइनवर डॅक हेडसेट लावून प्ले कॉल करत होता, म्हणजे पुढची चाल कुठली ते सांगत होता. ग्रियर पळत एंड झोनमध्ये घुसला तेव्हा बाकावरची पोरं ज्या पद्धतीने अंगावर धावून आली ना, ते प्रीसीझनमध्ये होत नाही. प्रीसीझनच्या टचडाउनला कोण एवढं नाचतं? त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मला तिथे आमचा कोल्हापूरकर आठवला आणि मग मॅचमध्ये लक्षच लागेना.

जुनी गोष्ट आहे, हिंजवडीची, मी इकडे यायच्या आधीची. आमच्या टीममध्ये हा पोरगा होता, वॉक-इनमधून लागलेला, कॉलेज असं की क्लायंटला सांगताना मॅनेजर नाव पटकन उरकायचा. पण त्या सिस्टिमची नस त्याला माहीत होती. एका शुक्रवारी कँटीनमध्ये चहा पिताना मॅनेजरने त्याला सांगितलं, सोमवारपासून बंगलोरहून एक जण येतोय, आयआयटी आहे, क्लायंटला प्रोफाइल आवडलंय, तू सध्या बेंचवर जा. प्रोफाइल आवडलंय! आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी रात्री मंथ एंडची बॅच. कायद्याने बघायला गेलं तर तो त्या रात्री आला नसता तरी कुणी काही बोललं नसतं. हा माणूस आला, पहाटे तीनला जॉब अ‍ॅबॉर्ट झाला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत होतो आणि हा शांतपणे लॉग उघडून म्हणाला, "ही फाइल उशिरा येते रे, थांब जरा, परत लाव."

तर हे असं असतं. ज्याने करून दाखवलंय तो घरचा, म्हणून त्याची किंमत नाही. ज्याने अजून काहीच केलेलं नाही त्याचं प्रोफाइल आवडतं.

आणि गंमत बघा, हे कुठे चाललंय? डॅलसमध्ये! अरे आपला इतिहास काय आहे? टोनी रोमो, २००३ ला कुणी ड्राफ्टच केला नव्हता. डॅक प्रेस्कॉट, २०१६ चा चौथा राउंड, नंबर १३५. तोसुद्धा जेरीला नको होताच, त्याला पॅक्स्टन लिंच हवा होता, तो डेन्व्हरने नेला, मग कॉनर कुक हवा होता, तो रेडर्सनी डोळ्यांदेखत नेला, मग उरलेल्यात डॅक. कॅम्पमध्ये बॅकअप केलन मूरचा पाय मोडला, मग सिएटलला प्रीसीझनमध्ये रोमोची पाठ गेली आणि हा उरलेला पोरगा उभा राहिला तो १३-३ करून गेला, तेरा जिंकल्या, तीन हरल्या. रोमोची पाठ गेली ती तारीख कुठली माहितीये? २५ ऑगस्ट २०१६. काल बरोबर सात वर्षं झाली. आणि त्याच तारखेला आपण चौथ्या राउंडचा पिक, म्हणजे ज्या राउंडात डॅक सापडला तो, देऊन टाकला. कूपर रशसुद्धा कुणी ड्राफ्ट केलेला नाही. गेल्या वर्षी डॅकचा अंगठा मोडला तेव्हा तुमच्यातलेच अर्धे जण सीझन संपला म्हणून रडत होते, रशने पाचपैकी चार जिंकून दिल्या.

आणि हा प्रयोग पहिल्यांदा होतोय असंही नाही. जुनी मंडळी आठवा, २००४, ड्रू हेन्सन. ह्यूस्टनला तिसऱ्या राउंडचा पिक देऊन आणला होता. काय तो गाजावाजा! मधली वर्षं यँकीजकडे बेसबॉल खेळत होता, एनएफएलमध्ये एक बॉल टाकला नव्हता, पण हात बघा, उंची बघा. थँक्सगिव्हिंगला बेअर्सविरुद्ध एकदा स्टार्ट दिला, हाफ टाइमला काढून चाळिशीतल्या व्हिनी टेस्टाव्हर्डीला आत घालावं लागलं. संपला विषय. आणि त्याच ऑगस्टमध्ये जो पोरगा कापला जायच्या रांगेत होता, फक्त तेव्हाचा क्वार्टरबॅक क्विन्सी कार्टरला अचानक सोडलं म्हणून जो वाचला, तो टोनी रोमो. हेन्सनसाठी रोमो घालवला असता आपण! देवाने वाचवलं, जेरीने नाही.

आता कुणीतरी लिहीलच की ग्रियर काही रोमो नाही. नसेल. अठ्ठावीस वर्षांचा झाला तो, कॅरोलायनाकडून दोन स्टार्ट मिळाले होते, दोन्ही हरला. आणि समोर आज रेडर्सची दुसरी-तिसरी फळी होती, हेही माहीत आहे मला. पण मग हाच नियम लान्सला लावा ना! त्याच्या बाबतीत "संधी मिळाली नाही" आणि याच्या बाबतीत "वकूबच तेवढा", हे कुठलं माप?

कोल्हापूरकराचं पुढचं सांगायचं राहिलं. त्याच्याकडे कंपनीचीच एक निळी डायरी होती, त्यात त्याने त्या सिस्टिमचे सगळे एरर कोड लिहिलेले, इंग्रजी कोड आणि पुढे मराठीत, "३१ तारखेला हा येतोच, घाबरायचं नाही", "हा आला तर ऑनसाइटला उठव, आपल्या हातात नाही". असं पानंच्या पानं. त्या रविवारी सकाळी बॅच संपल्यावर त्याने ती डायरी नवीन मुलाच्या डेस्कवर ठेवली, मराठी पानांवर पेन्सिलने इंग्रजी लिहून. मी म्हटलं, अरे कशाला, शिकू दे त्याला मार खाऊन. तर म्हणे, त्याची काय चूक आहे?

माझा राग तिथे जरा थांबतो. कारण खरंच, लान्सची तरी काय चूक आहे? मार्शल, मिनेसोटासारख्या छोट्या गावचा पोरगा. तीन पहिल्या राउंडचे पिक द्या असं तो म्हणाला नव्हता. घोटा त्याने मुद्दाम मोडला नाही. वीस-एकविसाव्या वर्षी तुझ्यावर अख्ख्या फ्रँचायझीचं भविष्य म्हणून शिक्का, आणि तेविसाव्या वर्षी चौथ्या राउंडच्या भावात विक्री, तीही एका फोनवर. आमचा तो आयआयटीवाला पण चांगला होता बिचारा. पहिल्या दिवशी आला तो डायरी घेऊन कोल्हापूरकराच्या जागेवर गेला, खुर्ची ओढली, आणि पहिल्या पानापासून विचारायला बसला. बसायला लागलं त्याला, पेन्सिलचं अक्षर भयानक होतं. वर्ष व्हायच्या आत तो एमबीएला गेला ती गोष्ट वेगळी.

आणि हो, तिसरा क्वार्टरबॅक चांगला हवा, हा मुद्दाही मला कळतो. जानेवारीत फिलाडेल्फियात नाइनर्सचे पर्डी आणि जॉश जॉन्सन दोघेही पडले, बॉल टाकायला धड माणूस उरला नाही, म्हणून तर यंदा तिसऱ्या इमर्जन्सी क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. पण इमर्जन्सीला कोण हवा, ज्याला आपलं प्लेबुक, चालींची वही, पाठ आहे तो, की जो काल विमानातून उतरला तो? त्यात यंदा आपले कोच मॅकार्थी स्वतः प्ले कॉल करणार, सगळी भाषा बदललेली. ग्रियर कॅम्पभर ती शिकलाय. लान्स आता पहिल्या पानापासून बसणार.

खरं कारण सगळ्यांना माहीत आहे हो. डॅकचा करार २०२४ ला संपतो. पुढचा आकडा मोठा असणार, मग आजोबांना टेबलावर एक पत्ता हवा, की बघ, आमच्याकडे पण आहे एक. लान्स भविष्य वगैरे काही नाही, तो डॅकला दाखवायला आणलाय. तसं असेल तर तसं बोला. जो माणूस आज हेडसेट लावून ग्रियरला प्ले सांगत होता, त्याच्यासाठी तुम्ही दारात दुसरा उभा केलाय, आणि लान्सचाही करार २०२४ लाच संपतो, म्हणजे तो शिकून तयार होईपर्यंत त्याला पैसे द्यायची वेळ. पुढच्या वर्षीचे पाचेक मिलियन तर गॅरंटीड आहेतच. १९९५ च्या सीझननंतर सुपर बोल नाही आणि आपण तिसऱ्या क्वार्टरबॅकचे भाव काढत बसलोय, डिफेन्सिव्ह टॅकल कोण आहे ते विचारा कुणीतरी!

जाऊ दे. बायको म्हणतेय साडेअकरा झाले, कुणाशी भांडतोयस. ग्रियरला कुणीतरी घेईल, ही टेप बघून नक्की घेईल, निदान प्रॅक्टिस स्क्वाडवर तरी. कोल्हापूरकर हे वाचेलच, तो सध्या टोरोंटोत आहे, त्याला क्रिकेटशिवाय काही कळत नाही, तेव्हा कमेंटमध्ये त्याला "हा क्वार्टरबॅक कोण" विचारायला लावू नका.

आणि १० सप्टेंबरला जायंट्सविरुद्धची मॅच आमच्या घरी टीव्हीवर बघायची आहे, संध्याकाळी सहाला या, किकऑफ त्यानंतर आहे. भेळेचं सामान घेऊन कोण येतंय ते खाली लिहा. लान्सची जर्सी कालच ऑर्डर केलेले दोन महाभाग मला माहीत आहेत, त्यांनी कांदा चिरायचा.