‘कागद रंगवण्याचा उद्योग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वर्ष २००० च्या संगणकदोषासाठी (वर्षाचे दोनच अंक साठवणारे संगणक ‘००’ साली गोंधळतील, ही ती भीती) बँकांनी केलेल्या तयारीवरच्या माझ्या लेखाखाली आपण परवा चार वाक्ये लिहिलीत. पहिल्यात तारखेची चूक दाखवलीत. दुसऱ्यात ‘निवृत्त बाबूंना जुन्या पराक्रमांचे उमाळे येतात’ असे म्हटलेत. तिसऱ्यात ‘ती आपत्कालीन योजना म्हणजे निव्वळ कागद रंगवण्याचा उद्योग होता’ असा निकाल दिलात. आणि चौथ्यात, ज्या देशांनी फारसा खर्च केला नाही तिथेही काही बिघडले नाही, याकडे लक्ष वेधलेत.

चूक मान्य आहे. १ जानेवारी २००० रोजी शनिवार होता, मी रविवार लिहिला. दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपला आभारी आहे.

उमाळ्यांविषयी एवढेच म्हणतो की मतभेद आणि हेटाळणी यांत फरक असतो, आणि टोपणनावाआडून लिहिणाऱ्याने तो जरा अधिकच पाळावा. आपण समोर बसून हे वाक्य उच्चारले असते असे मला वाटत नाही.

आता तो ‘कागद’. १९९९ साली मी नागपूरच्या इतवारीतल्या एका बँकशाखेत होतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही हिशेबाच्या प्रतीवर चाचणी घेतली आणि संगणकाची तारीख ३ जानेवारी २००० अशी पुढे नेली. एका धान्य व्यापाऱ्याची आदल्या जानेवारीतली मुदत ठेव उघडली, तर व्याजाच्या रकान्यात वजा चिन्ह! वर्षाचे दोनच अंक साठवलेले असल्याने त्या यंत्राच्या लेखी पावती झाली ९९ साली आणि आजचा दिवस उजाडला ०० साली, म्हणजे तब्बल नव्व्याण्णव वर्षे आधी. त्यामुळे ठेवीदारच बँकेचे देणे लागत होता. आम्ही हसलो खरे, पण आमचे शाखाधिकारी हसले नाहीत. त्यांनी विचारले, ‘हाच आकडा उद्या खरोखर पडला, तर मूळ शिल्लक कोर्टात कशाच्या आधारे सिद्ध करणार?’

हा प्रश्न संगणकाचा नाही, पुराव्याचा आहे, आणि नेमके हेच आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. बँकेच्या वह्यांचा पुरावा १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखाली दिला जातो. त्यात खतावणी, दिनकीर्द, रोकडवही यांचा उल्लेख होता. फ्लॉपीवरच्या किंवा डिस्कवरच्या नोंदींची छापील प्रत त्या व्याख्येत स्पष्टपणे आली ती माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे, आणि तो लागू झाला १७ ऑक्टोबर २००० रोजी. म्हणजे ज्या रात्रीची सर्वांना धास्ती होती, त्या रात्री हा आधार हाती नव्हता. म्हणून ३१ डिसेंबरला शेवटची नोंद झाल्यावर आम्ही प्रत्येक खात्याची सिलक छापली, पानोपानी दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळवली आणि तो गठ्ठा बांधून तिजोरीत ठेवला. प्रिंटरची रिबन दोनदा बदलावी लागली. हाच आपला रंगवलेला कागद.

दुसरी बाजू जबाबदारीची. भूकंप सांगून येत नाही. वर्ष २००० दिनदर्शिकेत छापलेले होते. तेव्हा ‘हे आमच्या हाताबाहेरचे होते’ असे म्हणून करार कायद्याच्या कलम ५६ चा (पाळणे अशक्य झालेला करार रद्द ठरवणाऱ्या कलमाचा) आडोसा मिळण्याची आशा फोल होती, आणि ठेवीदाराला १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार करण्याचा मार्ग मोकळा होता. अशा वेळी आपण वाजवी काळजी घेतली होती हे दाखवायला बँकेकडे काय असते? चाचणीची टिपणे, संगणक बंद पडल्यास वाउचरवरून हाताने नोंदी कोण करणार याची नावनिशीवार यादी, आणि संगणकप्रणाली विकणाऱ्याचे पत्र. आमच्या विक्रेत्याने ‘आमच्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द घालून पत्र पाठवले होते. शाखाधिकाऱ्यांनी ते परत धाडले आणि त्या दोन शब्दांवाचून नवे मागवले, कारण उद्या नुकसानभरपाई मागताना नेमके तेच शब्द आडवे आले असते. ‘हे सारे काल्पनिक’ असे आपण म्हणाल म्हणून सांगतो: अमेरिकेत मिशिगनमधल्या एका फळभाज्यांच्या दुकानाने, ‘००’ साली मुदत संपणारी कार्डे आली की गल्ल्याची यंत्रणा कोलमडते म्हणून, १९९७ सालीच विक्रेत्यावर दावा लावला होता आणि तडजोडीत त्याला अडीच लाख डॉलर मिळाले. पुढे जुलै १९९९ मध्ये तिथे या दाव्यांसाठी वेगळा कायदाच करावा लागला.

आपले चौथे वाक्य खर्चाविषयीचे आहे. माझा लेख खर्चावर नव्हता, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पंचवीस वर्षे सीताबर्डी ते इतवारी खातेदारांच्या शिव्या खाल्ल्यावर आपल्या एका वाक्याचे इतके मनावर घेऊ नये, असे घरी मला ऐकवले गेले आहे. तरीही लिहिले. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, ती शब्दशः तशीच आहे, याची मात्र कृपया नोंद घ्यावी.