मदत नको, भरपाई लिही

शनिवारी रात्री लालबागच्या आमच्या कट्ट्यावर विलास आला तो गळ्यात पट्टा अडकवून. उजवीकडचं कॉलर बोन मोडलंय. कटिंगचा ग्लास त्याने डाव्या हाताने घेतला, निम्मा चहा शर्टावर सांडला, आणि तो पुसायलाही दुसरा हात नव्हता. संज्याने रुमाल काढून पुसला. कुणी काही बोललं नाही.

विलासची स्वतःची टुरिस्ट गाडी आहे, बँकेच्या हप्त्यावर. मंगळवारी रात्री एअरपोर्टला भाडं सोडून भर पावसात परत येत होता. कुठल्याशा केबलसाठी रस्ता खणून चर बुजवलेला, तो खचला होता आणि वर पाणी साचलेलं. बॅरिकेड नाही, लाल दिवा नाही. पुढचं चाक आत गेलं, गाडी फिरली आणि दुभाजकावर आदळली. डॉक्टरांनी सहा आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय.

"जाऊ दे रे, जीव वाचला ना," हे पहिलं वाक्य माझंच होतं.

"जीव वाचला, पण दीड महिना गाडी उभी. हप्ता थांबतो का?" विलास म्हणाला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, आजही वाटते.

संज्याचं म्हणणं, इन्शुरन्स आहे, क्लेम टाक आणि मोकळा हो. यावर मोहिते काकांनी तोंडातली सुपारी बाजूला केली. काकांची अख्खी नोकरी फोर्टात एका वकिलाकडे अपघाताचे दावे टाइप करण्यात गेली. ते म्हणाले, "गाडीच्या विम्यात रिम, बंपर, बॉनेट मिळेल. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर असतं, पण ते माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तरच. हाड जुळून येणार असेल तर त्यातून दमडी नाही. आणि अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं तर समोर दुसरी गाडी लागते, तिचा विमा पैसे भरतो. इथे ठोकलं कुणी? रस्त्याने."

"मग रस्त्याच्या मालकाकडे माग," दिग्या म्हणाला, आणि तिथून खरी जुंपली.

हेमंत चवताळला. तो माणूस प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं म्हणणं नीट लिहितो. "ते पैसे येणार कुठून? तुझ्या-माझ्या टॅक्समधून. म्हणजे आपल्या एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकायचे. साहेबाचं काय जातं?"

काकांकडे याचं उत्तर होतं. मुंबईतल्या खड्ड्यांवर 2013 साली उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. त्याच प्रकरणात 13 ऑक्टोबर 2025 ला निकाल आला. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर घरच्यांना 6 लाख, जखमी झाला तर दुखापत बघून 50 हजार ते अडीच लाख. ठरवायला समिती, तिच्यात महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 9 टक्के व्याज. "आणि हेमंता, तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो," काका म्हणाले, "दिलेली रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करायची, असंही त्यात आहे."

हेमंत म्हणाला, "वसूल होईल तेव्हा बघू." तेही खरंच. पण कुणी मागितलंच नाही तर वसुलीचा प्रश्न येतोच कुठे? करच मोजायचा तर विलासनेही गाडीचा रोड टॅक्स भरलाय. मला तरी हेमंतचा मुद्दा इथे लंगडा वाटला, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

दिग्याने दुसरीच शंका काढली. "ते म्हणतील, हा चर आहे, खड्डा नाही. चर दुसऱ्याने खणला. रस्ता आमचा नाही, त्यांचा." ही मुंबईची जुनी दुखणी आहेत. इथे महापालिकेचा रस्ता, पुढे एमएमआरडीएचा, मध्येच एमएसआरडीसीचा, खाली बंदराकडे गेलात तर पोर्टाचा. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्गसुद्धा 2022 मध्ये महापालिकेकडे आले, त्याआधी ते एमएमआरडीएकडे होते. गाडी चालवणाऱ्याने रात्री पावसात हद्द ओळखायची कशी? काकांनी ते दोन वाक्यांत मिटवलं. "खड्डा म्हणायचं की चर, हे ठरवायचं काम आपलं नाही. किती लांब, किती रुंद, किती खोल, पाण्याने भरलेला, बॅरिकेड नाही, एवढं लिही."

आणि इथे सगळे थांबलो. कारण शुक्रवारी सकाळी तो चर बुजवला होता. संज्या स्वतः बघून आला, वर ताजं डांबर. बुजवला ते बरंच झालं, आणखी कुणाचं हाड मोडायला नको. पण विलासचा पुरावा त्या डांबराखाली गेला.

उरला होता एकच फोटो. बुधवारी पहाटे, गाडी ओढून न्यायच्या आधी, दिग्याने काढलेला. शिंप्याची टेप चरात उभी धरलीय, पाणी नऊच्या आकड्याला टेकलंय, मागे दुभाजकाला लागलेला गाडीचा पांढरा रंग दिसतो. दिग्याला तेव्हा भरपाई वगैरे काही ठाऊक नव्हतं. "नऊ इंच आहे हे कुणाला पटणार नाही म्हणून काढला," म्हणाला. असा फोटो काढायचं तुम्हालाही सुचायला हवं, म्हणून हे सगळं लिहितोय. शिवाय हॉस्पिटलात पहिल्याच रात्री रस्त्यावरचा अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, करून घ्या, पोलिसांकडे नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा मागा. चार दिवसांनी गेलात तर पंचनामा गुळगुळीत रस्त्याचा होईल. विलासची एमएलसी झालीय, पोलिसांत नोंद आहे. पंचनामा राहिलाय.

संज्याने विचारलं, अडीच लाखांत नाही भागलं तर? ही भरपाई घेतली म्हणून बाकीचे मार्ग बंद होत नाहीत, काका म्हणाले. पण महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा तर 1888 च्या महापालिका कायद्याप्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. तेव्हा तारखा आजच वहीत लिहून ठेवायच्या.

पानवाल्याकडून फुलस्केप आणला. मी लिहायला बसलो. "माझी परिस्थिती बेताची असून मला आर्थिक मदत मिळावी ही नम्र विनंती," इथवर आलो तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला विलास म्हणाला, "ते खोड."

"काय?"

"मदत. मी मदत मागायला नाही चाललो. भरपाई लिही. आणि परिस्थिती बेताची वगैरे पण नको."

हेमंतने माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्यानेच ती ओळ खोडली. नवा कागद घेतला. सोमवारी दहाला निघायचं ठरलंय, दोन प्रती, एक आपल्याकडे ठेवायची, तिच्यावर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. विलासला गाडी चालवता येणार नाही, हेमंत नेणार आहे.