सहा महिन्यांआधी जास्त, सहा महिन्यांनंतर कमी: तान्ह्या बाळाच्या आहाराविषयी फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

घरात बाळंतीण आली की नातेवाइकांच्या गटांत एक संदेश हमखास येतो. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण आशय तोच असतो. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हे डॉक्टर आणि डब्यातले दूध विकणाऱ्या कंपन्या यांनी मिळून आणलेले पाश्चात्य खूळ आहे, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या आज्या-पणज्यांनी पहिल्या तीन दिवसांचे पिवळे दूध पिळून टाकले, जन्मताच मध चाटवला, रोज गुटी उगाळली, उन्हाळ्यात पाणी पाजले, चौथ्या महिन्यापासून डाळीचे पाणी सुरू केले, दात येताना जुलाब झाले तर पोट रिकामे ठेवले आणि तरीही त्या पिढ्या दणकट निघाल्या, असा पुढचा दाखला असतो. माझ्या मावसबहिणीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिने हा संदेश मला पाठवला आणि यातले काय करायचे, काय नाही, ते एकेक करून लिहून दे, असे सांगितले. तिच्यासाठी लिहिलेले उत्तर थोडे विस्ताराने येथे देत आहे.

पहिला आरोप कंपन्यांविषयीचा आहे, आणि तो स्वतःच स्वतःला खोडून काढतो. आईचे दूध कोणी विकत नाही. बाळाने सहा महिने फक्त तेच घेतले तर डब्यातल्या दुधाचा खप घटतो, वाढत नाही. भारतात १९९२ पासून शिशुदुग्धपर्यायांविषयी, म्हणजे आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या डब्यातल्या दुधासारख्या उत्पादनांविषयी, कायदा आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे किंवा दवाखान्यांमार्फत त्यांचा प्रसार करणे या कायद्याने गुन्हा ठरते. कंपन्यांविषयी सावध राहावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ती सावधगिरी आईच्या दुधाच्या बाजूने उभी राहते, विरुद्ध नव्हे.

आता ‘पाश्चात्य’ या शब्दाविषयी. चार ते सहा महिन्यांऐवजी पूर्ण सहा महिने ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारली, हे खरे आहे. परंतु ‘षष्ठे मास्यन्नप्राशनम्’, म्हणजे अन्नप्राशन सहाव्या महिन्यात, असे आश्वलायन गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा प्राचीन ग्रंथ सांगतो, आणि आपल्याकडे उष्टावणाचा सोहळा याच सुमारास होतो. काश्यपसंहिता या बालकांविषयीच्या जुन्या आयुर्वेदग्रंथात तर सहाव्या महिन्यात फळांचा रस चाखवून धान्याचे अन्न दहाव्या महिन्यात द्यावे, असे म्हटले आहे. दहावा महिना आजच्या ज्ञानानुसार फार उशिराचा आहे आणि तो पाळू नये. मात्र चौथ्या महिन्यात डाळीचे पाणी पाजणे हीच आपली प्राचीन परंपरा, हा दावा या ग्रंथांवर टिकत नाही.

पिवळ्या दुधाचा मुद्दा थोडक्यात संपतो. बाळंतिणीचा चीक घट्ट आणि पिवळसर असतो, म्हणून तो ‘शिळा’ किंवा ‘जड’ समजला गेला. प्रत्यक्षात त्यात रोगांपासून रक्षण करणारी प्रतिपिंडे आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. तो थोडाच येतो, आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभरच लागतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, ही शिफारस याचसाठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील केवळ ४१.८ टक्के बालकांना आईचे दूध तासाभरात मिळाल्याचे दिसले, म्हणजे हा गैरसमज जुन्या काळातच राहिलेला नाही.

मधाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे श्रद्धेचा भाग आहे. जन्मानंतर लगेच होणाऱ्या जातकर्म संस्कारात मध आणि तूप सोन्याने चाटवण्याचा विधी आहे, ही गोष्ट संदेशकर्त्याने खोटी सांगितलेली नाही. परंतु मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ या जिवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात, हे ज्ञान तो विधी रचणाऱ्यांना असणे शक्यच नव्हते. मोठ्यांच्या आतड्यांत हे बीजाणू रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यांत इतर उपयुक्त जिवाणूंची वस्ती अजून पुरती झालेली नसते, म्हणून तेथे ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळांमधील हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. त्याची सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते, पुढे बाळाचे चोखणे आणि रडणे क्षीण होते, पापण्या जडावतात, मान लुळी पडते आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. आजार दुर्मिळ आहे, हे मान्य करायला हवे. तरीही ज्या पदार्थाची बाळाला काडीचीही गरज नाही, त्यासाठी एवढी जोखीम कशासाठी घ्यायची? मध जंगलातला असो, शुद्ध असो वा उकळलेला असो, बीजाणू घरच्या आचेवर मरत नाहीत, म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको. विधी मोडल्याची रुखरुख ज्या घरात वाटते, तेथे मधाचे बोट बाळाऐवजी त्याच्या आईला चाटवावे, असे मी सुचवते.

गुटीवर बोलताना मला अधिक जपून लिहावेसे वाटते. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, अतिविष यांचे मोजून वेढे देणारी आजी बाळाच्या जिवावर उठलेली नसते. तिच्या हातात माया असते आणि तिच्याजवळ अनुभवही असतो. अडचण मात्रेची आहे. ‘दोन वेढे’ म्हणजे नेमके किती औषध पोटात गेले, हे काडीच्या ताजेपणावर, सहाणेच्या खरखरीतपणावर आणि हाताच्या दाबावर अवलंबून असते. तीन किलोंच्या बाळासाठी थोडे आणि फार यांतले अंतर फारच लहान असते. जायफळाने गुंगी येते, आणि बाळ ‘छान झोपले’ असे आपण ज्याला म्हणतो ती झोप कित्येकदा हीच गुंगी असते. अशा पेंगुळलेल्या बाळाला दुधासाठी वेळेवर जागही येत नाही. वेखंडाने उलट्या होऊ शकतात. शिवाय त्याच काड्या पुसून डब्यात ठेवायच्या, तीच सहाण, तेच बोट, आणि पावसाळ्यात काड्यांना धरलेली बुरशी, या वाटेने जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. ‘गुटी बंद केल्यापासून बाळ रडते’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बाळाचे रडणे हीच त्याची एकमेव भाषा आहे, हे लक्षात घ्यावे. बाळाला गप्प करण्याची सोय मोठ्यांना हवी असते, आणि तिचा इतिहास मुंबईतच आहे: गिरण्यांत राबणाऱ्या बायका मुलांना निजवण्यासाठी अफूची ‘बाळागोळी’ देत, याच्या नोंदी १९२० च्या दशकापासून आहेत. त्या बायकांवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आपल्यापुढे तो आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘फक्त आईचे दूध’ याचा अर्थ औषधेही नकोत असा होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा आजारपणातले औषध द्यायचेच असते.

उन्हाळ्यात पाणी पाजावे, हा सल्ला विदर्भात किंवा मराठवाड्यात ऐकताना स्वाभाविक वाटतो. बाहेर रखरख असताना बाळाला तहान लागत नसेल का? लागते, आणि ती भागवण्यासाठी तर दूध आहे. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असते. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना कडक उन्हाळ्यातही वेगळ्या पाण्याची गरज पडत नाही, हे उष्ण प्रदेशांत, भारतातही, तपासून पाहिले गेले आहे. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा पितो, तसे पिऊ द्यावे, आणि पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवावा. बाळाला पाणी पाजले की तेवढी पोटातली जागा भरते, दूध कमी ओढले जाते आणि ओढ कमी झाली की पुढे दूध येणेही कमी होते. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार कित्येक घरांत अशी आपणच तयार केलेली असते. फार पाणी गेले तर रक्तातले क्षार पातळ होऊन झटके येण्याचाही धोका असतो. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा संपल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

येथपर्यंत संदेश बाळाला नको ते देतो. सहा महिन्यांनंतर मात्र तो हवे तेवढे देत नाही, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे नुकसान येथे आहे. ‘डाळीचे पाणी पचायला हलके आणि ताकदीचे’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की ते खरे वाटू लागावे. डाळ शिजवून वरचे पाणी काढले की प्रथिने बहुतांशी खालच्या गाळात राहतात, आणि बाळाच्या वाटीत रंगीत, खारट पाणी येते. आठ किलोंच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावते. ही जागा पाण्याने भरली तर बाळ तृप्त दिसते, पण पोसले जात नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि पुढे दुसऱ्या वर्षात ५५०. म्हणून चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतके घट्ट अन्न हवे: कुस्करलेला मऊ भात आणि घट्ट वरण, त्यावर चमचाभर तूप; मुगाची खिचडी; उकडून कुस्करलेला बटाटा, रताळे, केळे; नीट शिजवलेले अंडे; कोकणात काटे काढलेला मासा. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा, आणि आईचे दूध त्याबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे.

आज्यांचे एक खरे शहाणपण या संदेशात नेमके गाळले गेले आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून तिचे पीठ करण्याची पद्धत अतिशय उपयुक्त आहे. मोड येताना धान्यात तयार होणारे विकर (एन्झाइम) पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करते. त्यामुळे त्याच वाटीत अधिक पीठ घातले तरी लापशी गोळा न होता मऊ राहते आणि बाळाला तेवढ्याच घासांत अधिक बळ मिळते.

लोहाचा विचार तर संदेशात नाहीच. बाळ आईच्या पोटात असताना साठवलेले लोह सुमारे सहा महिन्यांत संपत येते आणि आईच्या दुधात ते थोडेच असते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी अवघ्या ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. हे आकडे वाचून मी अस्वस्थ होते, कारण यांतली सगळीच घरे उपाशी नाहीत. वरण असलेल्या घरातही बाळाच्या वाट्याला वरचे पाणीच जाते. डाळ, पालेभाजी, अंडे, मासे यांबरोबर लिंबाचे दोन थेंब दिले तर लोह अधिक शोषले जाते; चहात बुडवलेले बिस्किट दिले तर उलटे होते. आशाताई देतात ते लोहाचे सिरप न चुकवता द्यावे. वरचे दूध म्हणून गाईचे दूध वर्षाच्या आत नको, त्यातही लोह फारच कमी असते.



‘आम्ही असेच वाढलो’ या दाव्यावर माझे उत्तर साधे आहे: हे वाक्य वाढलेलीच माणसे म्हणू शकतात. १९७१ मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये ही संख्या २८ होती आणि महाराष्ट्रात १६. याचे श्रेय एकट्या आहाराला नाही. लसी, स्वच्छ बाळंतपण आणि औषधे यांचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. गावातली बाई आणि घरातली आजी हीच बाळाची पहिली रक्षक असू शकते, फक्त तिच्यापर्यंत खरी माहिती पोहोचली पाहिजे.

शेवटचा मुद्दा जुलाबांचा, आणि तो जिवावर बेतणारा आहे. दात येण्याने हिरड्या दुखतात, लाळ गळते. जुलाब होत नाहीत. ज्या वयात दात येतात त्याच वयात बाळ रांगते, जमिनीवरचे सारे तोंडात घालते आणि बाहेरचे अन्न खाऊ लागते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तेव्हा पोट रिकामे ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. दूध आणि नेहमीचे मऊ अन्न थोडे थोडे, पण अधिक वेळा चालू ठेवावे. ओआरएसचे (क्षार-साखरेच्या पावडरचे) पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवून चमच्याने पाजत राहावे. आणि जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळू खाली बसली, शौचातून रक्त पडले किंवा ते काहीच पिईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता, वाटेतही ओआरएस पाजत, त्याला दवाखान्यात न्यावे.