सोलमधला पुढचा सूर

अमेरिकेचा डायव्हिंगपटू (उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू) ग्रेग लुगानिस याचे नाव निघाले की बहुतेकांना १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधला एकच प्रसंग आठवतो: स्प्रिंगबोर्डच्या, म्हणजे उसळी देणाऱ्या लवचिक फळीच्या, कडेवर आपटलेले त्याचे डोके. त्याची सारी कारकीर्द त्या एका अपघातात गुंडाळून टाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९७६ मध्ये माँट्रियलला वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी त्याने प्लॅटफॉर्मचे, म्हणजे दहा मीटर उंचीच्या न हलणाऱ्या मंचावरून मारायच्या सुरांचे, रौप्यपदक मिळवले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकची संधी अमेरिकेच्या बहिष्कारामुळे हुकली. ऐन उमेदीतल्या खेळाडूची चार वर्षे अशी वाया जाणे किती जिव्हारी लागत असेल! मात्र १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म अशी दोन्ही सुवर्णपदके त्याने जिंकली.

सोलला ज्या सुरात तो जखमी झाला, त्यात खेळाडू पाण्याकडे तोंड करून उडी घेतो, पण कोलांट्या मात्र मागे, फळीच्याच दिशेने मारतो. उडी फळीपासून पुरेशी दूर गेली नाही, तर डोके आणि फळी यांच्यात अंतरच उरत नाही. त्या दिवशी नेमके तेच झाले. जखमेला टाके घालून तो थोड्याच वेळात पुन्हा त्याच फळीवर उभा राहिला आणि पुढचा सूर त्याने अप्रतिम मारला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत, ज्या सुराने डोके फोडले होते तोच सूर त्याने पुन्हा मारला आणि सुवर्णपदक जिंकले. भीती शरीरात ताजी असताना पाय फळीच्या टोकापर्यंत नेणे, याला मी अपघातापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट मानतो.

स्पर्धेच्या काही महिने आधीच आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे त्याला कळले होते, आणि ते ओझे त्याने तिथे मूकपणे वाहिले. १९९५ मध्ये त्याने ते जाहीर केले. त्या काळी या आजाराविषयी समाजात किती दहशत होती हे लक्षात घेतले, तर त्याच्या मौनाबद्दल त्याला दोष देणे मला पटत नाही.

सोललाच प्लॅटफॉर्मच्या अंतिम फेरीत चीनचा चौदा वर्षांचा शियोंग नी त्याच्या पुढे होता. शेवटच्या सुरासाठी लुगानिसने मागे साडेतीन कोलांट्यांचा, अत्यंत अवघड सूर राखून ठेवला होता. दहा मीटर उंचीवरून पाण्यापर्यंत पोहोचायला जेमतेम दीड सेकंद लागतो. तेवढ्यात त्याने सुवर्णपदक खेचून आणले, १.१४ गुणांच्या फरकाने.